मी पाहत असलो की उठतं

१८ सप्टेंबर २००७, कारंजा (घाडगे)
बोर्ड मेलं. गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यातलं, ज्याच्यावर माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचं नेट चालतं ते. सकाळी विजेची लाइन गेली, दुपारी आली, हे उठलंच नाही. हिरवा दिवा नुसता लागून राहिला, लुकलुक नाही. डॉक्टरबाईंचा फोन, मग कॉलेजच्या ऑफिसचा, मग जिनिंगवाल्या शेटजींचा. तिघांनाही एकच उत्तर, पाहतो. वरच्या खोलीत खिडकीतून आलेल्या केबलला लॅपटॉप जोडला, अडॉप्टर काढून परत लावलं. उठलं! जसं काही झालंच नव्हतं. खाली येईपर्यंत जेवण गार.

२० सप्टें.
परत तेच. लोडशेडिंग संपलं की बोर्ड आडवं. आधी बॅटरी होती, लाइन जावो की येवो, बोर्डाला पत्ताही नसायचा. पोळ्याच्या सुमारास बॅटरी बसली, नवी घेण्याइतके पैसे अजून जमले नाहीत. ठीक आहे. पण लाइन आल्यावर उठायला काय धाड भरते? माझा कॉम्प्युटर उठतो, टीव्ही उठतो, वहिनीचा मिक्सर उठतो.
दादा खाली, त्याच्या किराणा दुकानातल्या चक्कीवर. लाइन आली की दळणाच्या डब्यांची रांग, त्याला मान वर करायला फुरसत नसते. तरी ओरडून विचारलंच, "काऊन रे पम्या, उठलं का तुह्यं?"
म्हटलं, उठवतो.
"रोजच उठवा लागते का त्याले? लेकराइले बी एवढं उठवा लागत नाई."
दळणाच्या बाया हसल्या.

२४ सप्टें.
कार्ड बदललं. बोर्डाचं सगळं सॉफ्टवेअर त्या काडेपेटीएवढ्या कार्डात, तेच बिघडलं असेल म्हणून नवीन भरलं. लॅपटॉप जोडून समोर बसलो. बंद केलं, उठलं. परत बंद केलं, परत उठलं. खूश होऊन लॅपटॉप काढला, खाली दुकानात आलो. लोडशेडिंगनंतर आडवं.
मी पाहत असलो की उठतं. मी नसलो की नाही. मीनाला सांगितलं तर म्हणते, "तुमच्यावरच गेलं मंग." बायको आहे, बोलणारच. हसलो. 

२८ सप्टें.
नागपूर. बोर्ड टॉवेलात गुंडाळून पिशवीत, पिशवी मांडीवर. सीताबर्डीच्या दुकानदाराने टेबलावर मांडून दिवसभर बंद-चालू, बंद-चालू केलं. एकदाही अडलं नाही. "भाऊ, बोर्ड तो एकदम ठणठणीत है. तुमच्या गावच्या लाइनमध्येच लोचा हाय." बोर्ड चांगलं निघालं म्हणून इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. जळलं असतं तर निदान फेकता आलं असतं. त्यानेच एक नवं अडॉप्टर गळ्यात मारलं. येताना एसटी कोंढाळीजवळ पंक्चर.

२९ सप्टें.
नवं अडॉप्टर लावलं. दुकानात बसून वाट पाहिली. लाइन आली, चक्की सुरू झाली, वर बोर्ड आडवं. कंटाळा आला. देवा, खरंच कंटाळा आला.

५ ऑक्टो.
डॉक्टरबाई एका म्हातारीच्या पायाचा फोटो नागपूरच्या त्यांच्या सरांना पाठवणार होत्या. नेट नाही. म्हातारीला उगाच एवढ्या लांब नागपूरला पाठवावं लागलं. बाई ओरडत नाहीत. "प्रमोदभाऊ, जमलं तर बघा," एवढंच म्हणतात. त्यापेक्षा शेटजींच्या शिव्या बऱ्या. शेटजींनी तर आज सांगूनच टाकलं, "आपन फोन कंपनीचं घेतलं बावा."

९ ऑक्टो.
दादा आज नीट बसून बोलला. तो बसून बोलला की समजायचं.
"दिवाळीचा माल येऊन राह्यला. वरची खोली लागते मले. तोवर तुह्यं सरळ झालं तं झालं. नाई तं खाली दुकानात बस. मी एकटा चक्की पाहू का गल्ला पाहू?"
त्याचं खोटं नाही. वरची खोली फुकट वापरतो, चहा त्याच्या दुकानातला, पोहे वहिनीचे. पण या गावात तारेशिवाय नेट आणणारा मी होतो. लोक ओळखतात ते त्या गच्चीवरच्या डब्यामुळे. तो उतरला की मी दादाचा धाकटा भाऊ, बस.

२१ ऑक्टो.
दसरा. चक्कीला हार, वजनकाट्याला हार. वहिनी म्हणाली, "वरच्यालेबी घाला, त्यानं काय घोडं मारलं." घातला. तेव्हा चालू होतं. हार घालून जिना उतरेपर्यंत लाइन गेली. पुढचं लिहीत नाही.

२६ ऑक्टो.
सांगून टाकलं सगळ्यांना. कॉलेजला, डॉक्टरबाईंना. दुसरी सोय पाहा म्हणून. बाई म्हणाल्या, "बरं, दिवाळीनंतर फोन कंपनीकडे अर्ज करते." नंतर दादाला, बसतो खाली. मला वाटलं खूश होईल. तो चाळणीतला कोंडा झटकत राहिला. "मनाले लावून घेऊ नको," म्हणाला. खूप लागलंय मनाला. इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे सांगायची सोय नाही.

३० ऑक्टो.
डबा उतरवायला गच्चीवर गेलो. लोडशेडिंग चालू होतं. आधी ती लांब केबल बोर्डातून उपटली. उन्हाळ्यात मीच सोडली होती, गच्चीवर चढायला नको, खोलीतूनच लॅपटॉप जोडता यावा म्हणून. भिंतीवरून, चक्कीच्या मोटारीच्या वायरीला लागून खिडकीत. ती गुंडाळत होतो, इतक्यात लाइन आली. खाली चक्की घरघरली.
आणि बोर्ड लुकलुकायला लागलं. लॅपटॉप नाही, मी हात लावला नाही, काही नाही.
तिथेच टाकीला टेकून बसलो.
संध्याकाळी परत लाइन गेली, आली. परत उठलं. चक्की चालू असतानाच मुद्दाम केबल खुपसली, दुसरं टोक तसंच मोकळं ठेवून अडॉप्टर काढून लावलं. आडवं. केबल काढली. उठलं.
हे बोर्ड सुरू होताना क्षणभर थांबतं. तेवढ्यात केबलला जोडलेल्या लॅपटॉपवरून कोणी बटन दाबलं तर त्याला वाटतं, मालकाला सेटिंग बदलायची आहे. मग ते पुढे जात नाही, हुकुमाची वाट पाहत बसतं. लाइन आली की दादा तत्काळ चक्की सुरू करतो, मोटारीचा खरखराट त्या मोकळ्या केबलमधून वर जातो, बोर्डाला वाटतं कोणी बटन दाबलं. लॅपटॉप जोडलेला असला की केबल मोकळी नसते, गप्प असते. म्हणून मी पाहत असलो की शहाणं. ते मेलेलं नव्हतंच कधी. दीड महिना माझ्याच हुकुमाची वाट पाहत बसलं होतं.
हसावं की रडावं. दोन्ही थोडं थोडं केलं.

३१ ऑक्टो.
दादाला सांगितलं नाही. सकाळी सांगणार होतो, तर तो हमालांना वरच्या खोलीचं दार दाखवत होता. मीनालाही नाही. डबा गच्चीवर तसाच. चालू.

३ नोव्हें.
खोलीत तेलाचे डबे, साखरेची पोती. माझं टेबल जिन्याखाली. गल्ल्यावर बसतो. लोक चणाडाळ मागतात, मी देतो. वजन करायला मला अजून वेळ लागतो. सगळे गेल्यावर जिन्याखाली लॅपटॉप उघडून पाहिलं. बोर्डावर एकच नाव जोडलेलं, डॉक्टरबाईंचं.

५ नोव्हें.
संध्याकाळी बाई रवा घ्यायला आल्या. दुकानात गर्दी, दादा माझ्या बाजूलाच काट्यावर.
"प्रमोदभाऊ, नेट तर आता बंदच पडत नाही तुमचं. मग मी तो अर्ज करू, की थांबू?"
दादाच्या हातात वजन होतं. ते त्याने काट्यावर ठेवलं नाही. मी पुडीला दोरा बांधत राहिलो, दोरा तुटला, परत बांधला.
"बाईले काऊन लटकवतं?" दादा म्हणाला. "चालते का नाई चालत, तेवढं सांग."
"चालते," म्हटलं.
बाई बरं म्हणून रवा घेऊन गेल्या. दादाने वजन खाली ठेवलं.
"कधीपासून?"
पुढचं गिऱ्हाईक गूळ मागत होतं, म्हणून तेवढ्यावर राहिलं. मी जिन्याखाली बसून हे लिहितो आहे. मीना दुसऱ्यांदा जेवायला हाक मारते आहे. दादा ताटावर बसला आहे, माझं ताट त्याच्या समोर वाढलंय.