हाय का

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
नवी नोकरी, नवं शहर आणि कामोठ्याच्या फ्लॅटला चक्क दोन बाल्कन्या. डोंबिवलीची कोंदट खोली सुटली बुवा एकदाची. चार वर्षांच्या जाईने आल्या आल्या सोसायटी जिंकली. लिफ्टमध्ये, गेटवर, दिसेल त्याला हात हलवून 'हाय' म्हणते. मीच शिकवलंय. वैदेही चिडते, पोरगी नमस्कार विसरली म्हणते.

ऑफिस नेरूळला. माझ्याकडे मुख्य स्विच, म्हणजे सगळ्या मजल्यांचं इंटरनेट ज्यातून जातं ती पेटी. तिच्या सेटिंग्जची फाइल रोज निघताना सर्व्हरवर कॉपी करून ठेवायची. पेटी बिघडलीच तर जुनी फाइल टाकून सगळं होतं तसं करता येतं. आरामाचं काम आहे.

११ नोव्हेंबर
कालची आणि आजची फाइल ताडून पाहिली. एक ओळ जास्त. पेटीवर वायर खोचायच्या प्रत्येक पोर्टला नाव देता येतं. शेवटच्या पोर्टला वायरच नाही, आणि नाव काय, तर इंग्रजी अक्षरांत 'हाय का'. नव्या माणसाची मस्करी, दुसरं काय. 'हाय काका' लिहिता लिहिता कंटाळला असेल. मला काका म्हणतोय लेकाचा. मीही त्या जागी 'हाय' लिहिलं, बॅकअप घेतला आणि निघालो.

१३ नोव्हेंबर
वायर नसताना त्या पोर्टचा दिवा लागलाय. नाव बदललंय: 'शौनक हाय'. शौनक म्हणजे मीच. मीनाताईंना दाखवलं. त्या करंजाडे गावातल्या, आमच्या टीममधल्या सर्वांत जुन्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्याकडे दारातून अशीच हाक मारतात, 'हाय का घरान?', म्हणजे घरात कोणी आहे का. तुमच्या आधी या जागेवर असलेला गोवर्धन रोज 'हाय का' विचारतच आत यायचा. होळीच्या आठवड्यात याच पेटीसमोर बसल्या बसल्या गेला. गेलेल्याच्या हाकेला ओ देऊ नये. पहिल्या 'ओ'ला त्याला घर कळतं, दुसऱ्या 'ओ'ला तो माणूस नेतो. मग विचारलं, तुम्ही काही लिहिलं नाहीत ना?

मी नाही म्हणालो. खोटं बोललो. हाय म्हणजे आहे, हे मला कळू नये?

१४ नोव्हेंबर
ओळ पुसली, बॅकअप घेतला. फाइलमध्ये ओळ आहेच. आता 'जाई हाय का'.

पोरीचं नाव मी ऑफिसात कोणालाच सांगितलेलं नाही.

जुनी फाइल टाकू म्हटलं. मार्चमधली उघडली. मग त्याआधीची. मी मुलाखतीलाही आलो नव्हतो तेव्हाच्या सगळ्या. सगळ्यांत तीच ओळ. मला भीती वाटतेय.

१५ नोव्हेंबर
ऑफिसला गेलो नाही. जाईला बजावलं, कोणालाही हाय म्हणायचं नाही. नमस्कार म्हणायचं. तिला खेळ वाटतो. खिडकीतल्या कबुतराला हाय, दूधवाल्याला हा—

मी तिच्यावर ओरडलो. रडून झोपली.

१६, रविवार
घरच्या वायफायचं नाव बदललंय. 'हाय का घरान'. वायर उपटली. फोनवर नाव दिसतंच आहे—

वैदेही भाजीला गेलीय. दाराशी कोणीतरी आहे. बेल नाही, नुसती हाक. पुरुषाचा आवाज, अगदी घरच्यासारखा. मी ओ देणार नाही. मेलो तरी—

पुन्हा. आता नाव घेऊन. जाईचं—

जाई उठली. हसतेय. दाराकडे बघून हात हलवतेय, जाई, नाही, नमस्कार म्हण, बाळा, नमस्