अंथरुणातले बूट

पनवेल, मार्गशीर्षातला गुरुवार, संध्याकाळ

आज मी समजावून सांगायला नको होते.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक नसते, म्हणून हिराबाई टोपलीऐवजी सैन्यातल्या मुलाचे पत्र घेऊन आली. तिला वाचता येत नाही, आणि महेशच्या बर्फातल्या चौकीवर फोन लागत नाही. पत्र मोठे आनंदी. बर्फ वितळवून चहा करतो, पत्ते खेळतो, रात्री बूट अंथरुणात घेऊन झोपतो.

हिराबाई खळखळून हसली. "बूट अंथरुणात? चपला दारात काढ म्हनून किती वरडायची मी, बाई!"

तिथेच थांबायचे. पण भूगोल शिकवण्यात माझे आयुष्य गेलेले. उत्साहाने कागद ओढून आकृतीच काढली: बुटात घामाचा ओलावा राहतो, तो रात्री गोठतो, तसा बूट सकाळी घातला की बोटांचे रक्त थांबते, बोटे काळी पडतात, कधी कापावी लागतात. किती सुसंगत मांडणी! तिच्या चेहऱ्याकडे पाहिले तेव्हा सांगून संपले होते.

बुटांचे कारण त्याने मुद्दामच गाळले असणार. एवढे मला का कळू नये?

पत्राची घडी घालत ती म्हणाली, "उत्तर लिवा, बाई. आमी बरी हाव. आनि बुटांचं आयकून आई लय हसली, आसं लिवा. मला समाजलं, त्ये त्याला कलाया नाय पायजे."

मी लिहिले. खोटे नव्हते. ती हसली होतीच, मी बोलू लागेपर्यंत.