कोळशाच्या टाकीला चार कुलुपे

सोमवार, ६ डिसेंबर १९४३. वाशिम.
फुंकर मारली की निखारा फुलतो. तीच फुंकर दिव्यावर मारली की दिवा विझतो. प्रत्येकाने हे पाहिलेले असते. कारण कोणी विचारीत नाही. सायन्स शिकवीत असताना मी वर्गाला हाच प्रश्न आधी घालीत असे. वारा चांगला की वाईट, हे तो कोठून शिरतो यावर ठरते. पेट्रोल रेशनवर गेल्यापासून आमची लॉरी कोळशाच्या गॅसवर चालते, तिचेही तत्त्व हेच. इंजिन हवा ओढते. ती हवा टाकीच्या तळच्या तोटीतून, निखाऱ्यांतून आली तर उत्तम गॅस होतो. वरून कोठून शिरली तर गॅस पातळ होतो आणि टाकीतला कोळसा फुकट जळतो.
आज टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून घेतले. ड्रायव्हर रज्जाक याच्या घरची चूल अलीकडे फार कमी धूर करते, म्हणजे लाकडाऐवजी कोळसा जळत असावा, हे माझ्या लक्षात आले आहे. कोयंडा बसावा म्हणून झाकणाखालची, फट बुजवणारी दोरी बोटभर कापावी लागली. बोटभर म्हणजे काहीच नव्हे.

मंगळवार, ७.
रिठदच्या चढावर लॉरीला दम लागला. मागे भाजीच्या टोपल्या होत्या. वाशिमला पोचेपर्यंत भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, संपला होता. रज्जाक म्हणतो, गाडीला नजर लागली. लिंबू बांधू का? मी त्याला दहन समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि लिंबू बांधले.
रिठदच्या तुळसाबाई, ज्यांच्या शब्दावर तिथले सगळे बागवाले माल आमच्याकडे देतात, त्यांनी स्पष्ट सांगितले: "मास्तर, आइतवारचा हर्रास साधला त हंगामभर माल तुमचा. नाही त लखीरामची बैलबंडी हाये."
चिंता नाही. पाच दिवस पुष्कळ आहेत.

बुधवार, ८.
पहिला संशय: कोळसा ओला. विकणारा दौलतसिंग गोड बोलतो. गोड बोलणारे लोक वजनासाठी पाणी मारतात. कोळसा गच्चीवर वाळवला, आधी आणि नंतर तोलला. फरक नाही. तरीही त्याला विचारले. तो म्हणाला, "मास्तर, कोळसा मी भट्टीतून काढतो, विहिरीतून नाही."
उत्तर फारच तयार होते. लक्षात ठेवावे.

गुरुवार, ९.
दुसरा संशय: विस्तव पेटवताना हाताने फिरवायचा ब्लोअर. पूर्ण उघडला. पाती पुसली, आसाला तेल दिले, पुन्हा जोडला. दोन स्क्रू उरले. बहुधा मुळातच जास्त होते. ब्लोअर आता पूर्वीपेक्षा हलका फिरतो, पण लॉरी चढत नाही. रज्जाक म्हणाला, "पंखा त मस्त झाला मास्तर. उन्हाळ्यात घरी लावा."
हा मनुष्य इतका आनंदी का?

शुक्रवार, १०.
उलगडा जवळ आला. टाकी सकाळी स्वतः काठोकाठ भरली, कुलूप लावले, किल्ली जानव्याला बांधली. रिठदहून परतेपर्यंत कोळसा निम्म्याच्याही खाली. पूर्वी एवढा लागत नसे. म्हणजे चोरी वाटेत, चालत्या गाडीतून होते. कशी, ते शोधायचे आहे. रज्जाकला सरळ विचारले. तो म्हणाला, "मास्तर, मी स्टेअरिंग धरून राह्यलो, तुमी बाजूले बसून राह्यले. मंग मी कोळसा काय पायानं चोरला?"
प्रश्न तर्कशुद्ध आहे. म्हणूनच संशय वाढतो. लोहाराकडून आणखी तीन कुलुपे बसवून घेतली. तीन ठिकाणी दोरी पुन्हा बोटभर कापली.

शनिवार, ११.
निश्चय: यापुढे पुराव्याशिवाय कोणावर संशय घेणार नाही. पुरावा मात्र रोज गोळा करीन.
रिकामी लॉरीसुद्धा आज चढली नाही. थंडीचा परिणाम असावा. उद्या ऊन असेल.

रविवार, १२. सकाळ.
ऊन होते. टोपल्या भरून निघालो आणि चढाच्या अर्ध्यावर लॉरी थांबली ती थांबलीच; इंजिन तेवढे धडधडत राहिले. मागून लखीरामची बंडी आली. तुळसाबाईंनी वांगी उतरवली, मेथी उतरवली. मी त्यांना हवेच्या दाबाविषयी सांगत होतो. त्या म्हणाल्या, "मास्तर, लखीरामच्या बैलायले इतकं समजावून सांगा लागत नाही." हंगामाचा माल गेला.
रज्जाकनेही आपला डबा घेतला आणि बंडीवर चढला. लिंबू सोडून नेले. म्हणाला, चोर म्हणवून घ्यायचे तर दुसऱ्या कोणाच्या गाडीवर म्हणवून घेईन. ती चालती तरी असेल.

दुपार. चढावर एकटाच.
आता निवांतपणे शास्त्रोक्त टेस्ट केली. ती अगदी सोपी आहे, घरात दाराच्या फटीपाशीही करता येते. इंजिन चालू ठेवावे. उदबत्ती पेटवून टाकीच्या प्रत्येक सांध्याजवळून हळूहळू फिरवावी. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का. धूर वाकून आत ओढला गेला तर हवा तेथूनच शिरते.
सगळीकडे धूर सरळ गेला. फक्त चार ठिकाणी आत गेला, चारही कुलुपांच्या बरोबर खाली. म्हणजे कुलुपांपाशीच कोणीतरी हात घातला आहे. किल्ल्या माझ्याशिवाय कोणाजवळ नाहीत, त्यामुळे संशयितांची संख्या आता फारच थोडी उरते.
उदबत्ती बदलून पुन्हा पाहतो.