प्राजक्ताच्या कॉम्प्युटरची वेगवाढ मोहीम

२ एप्रिल, बुधवार
प्राजक्ताला चाकणच्या एका कंपनीकडून डायच्या, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याच्या, डिझाइनचं काम आलं. सध्या ट्रायल आहे. शनिवारी, १२ तारखेला द्यायचं. पसंत पडलं तर कायमची नोकरी, तीही घरी बसून. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिने नोकरी सोडली, तेव्हापासून ती याचीच वाट बघत होती. सांगताना तिचे डोळे भरून आले.

माझं लक्ष मात्र लगेच मूळ अडचणीकडे गेलं. तिचा कॉम्प्युटर. एक सिम्युलेशन, म्हणजे साच्याची पडद्यावरची चाचणी, चालवायला अख्खी सकाळ खातो. ती म्हणते, चालतंय की, तेवढ्यात माझा स्वयंपाक होतो. बायकांच्या अशा समाधानी वृत्तीमुळे घरांची प्रगती अडते. कॉम्प्युटरची जबाबदारी मी घेतली आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार
वर्कशॉपला सुट्टी. दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले. प्रोसेसर म्हणे कारखान्यातच मुद्दाम कमी वेगावर बांधून ठेवतात. तो वेग आपण वाढवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आपला प्रोसेसर चांगला दणकट निघाला. मदरबोर्ड मात्र स्वस्तातला, त्यात ही सोय बंद करून टाकलेली आहे.

म्हणजे प्रोसेसर तयार आणि मदरबोर्ड आडवा. हे वाचून मला भरून आलं. भोसरीत मीसुद्धा दहा वर्षं तयार आहे आणि मॅनेजर आडवा आहे.

५ एप्रिल, शनिवार
कामावर मशीनवरच्या खंडूने शाफ्टची बॅच माझ्याकडे तपासायला आणली. मापाच्या गेजमध्ये एक शाफ्ट बसेना. साहेब, केसाएवढाच तर जाड हाय, जाऊ द्या की, म्हणाला. मी रिजेक्टचा शिक्का मारला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला लिमिट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. लिमिट ठरवणाऱ्यांनी काही विचार करून ठरवलेलं असतं, हे लोकांना कळत नाही. खंडूचा डबा तसाच राहिला.

घरी आल्यावर मदरबोर्डचं लिमिट कसं ओलांडायचं ते शोधत बसलो.

६ एप्रिल, रविवार
प्राजक्ता भाजी आणायला गेली होती. बेस क्लॉक नावाचा एक आकडा असतो, तो किंचित वाढवला. किंचितच. कॉम्प्युटर दहा मिनिटं अप्रतिम चालला. मग गोठला. त्याआधी तो रीस्टार्ट करावा लागला होता, आणि तिने सकाळपासून एक सिम्युलेशन लावून ठेवलं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. स्क्रीनवर दिसत होतं म्हणे.

परत आल्यावर तिने आकडा पूर्ववत करून घेतला आणि मेथी निवडायला बसली. रागावली असती तर बोलली असती.

७ एप्रिल, सोमवार
निदान झालं. उष्णता. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून बाबांचा टेबल फॅन समोर लावला. बाबा हॉलमध्ये वर्तमानपत्राने वारा घेत बसले. थोडा त्याग प्रत्येकाने करायलाच हवा.

फॅनची पिन कॉम्प्युटरच्या बॅटरीवाल्या यूपीएसमध्ये लावल्यावर तो कुईकुई ओरडायला लागला. लोड झेपत नाही. दुबळ्या माणसाला टीममध्ये ठेवू नये, तसंच यंत्राचं. यूपीएस काढून माळ्यावर टाकला आणि सगळं थेट भिंतीतल्या प्लगला जोडलं.

९ एप्रिल, बुधवार
मोठा शोध. आपल्या मदरबोर्डचा जुना बायोस एका फोरमवर सापडला. बायोस म्हणजे बोर्डाचं मूळ प्रोग्रामिंग. जुना बसवला की बंद केलेली सोय उघडते. खाली लाल अक्षरांत लिहिलंय की बसवताना मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा मरतो. अशा सूचना बेसावध लोकांसाठी असतात.

प्राजक्ताचं काम संपत आलंय. एकच शेवटचं सिम्युलेशन बाकी. शनिवारपर्यंत हात लावू नकोस अजिंक्य, असं तिने अगदी हात जोडून सांगितलं. तिला टेन्शन देणार नाही. उद्या मला सुट्टी, ती आईला घेऊन दवाखान्यात जाणार, घर शांत. याहून योग्य दिवस नाही.

१० एप्रिल, गुरुवार, सकाळ
आई पहाटेपासून घाईत. टाकी भरली, मिक्सर फिरवला. "आज बेस्तरवार हाय, लाइट जायची, तुजंबी काय आसंल त्ये उरकून घे," म्हणाली. तांत्रिक कामात स्वयंपाकघरातले सल्ले नकोत, असं तिला नम्रपणे सांगितलं. त्या दोघी गेल्या. सुरुवात करतो.

त्याच दिवशी, दुपार
बायोस बसतानाची स्क्रीनवरची पट्टी निम्म्यावर आली आणि लाइट गेली.

आपल्या भागात कारखान्यांना गुरुवारी सुट्टी का असते, तर त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात. हे मला नोकरीला लागल्यापासून माहीत आहे. सुट्टी मिळते म्हणूनच मी गुरुवार निवडला. माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

लाइट आली. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. प्राजक्ता आल्यावर तिला बायोस म्हणजे काय इथपासून समजावायला घेतलं. ती कॅबिनेटशेजारी फरशीवर बसली आणि रडली. आवाज न करता, बराच वेळ. मला फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण तिला सांगायला गेलो तर ती म्हणाली, आता नको.

मग उठून तिने स्क्रू काढले, हार्ड डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळली आणि रिक्षाने सांगवीला बहिणीकडे, सायलीकडे गेली. आई म्हणाली, "मशिनीच्या नादात बाईचं काम घालवलंस व्हय रं." बाबांनी टेबल फॅन उचलून नेला.

१२ एप्रिल, शनिवार
काम वेळेत गेलं. सायलीचा कॉम्प्युटर आपल्यापेक्षा जुना. रात्रभर रखडत चालला, पण सिम्युलेशन पूर्ण झालं. दोघी बहिणी आळीपाळीने जागल्या. सायलीने हे फोनवर सांगितलं, जरा तुटकपणेच.

यातून एक सिद्ध होतं. दबावाखाली प्राजक्ताचं काम उत्तम होतं. तो दबाव कोणामुळे आला, याचा पुढेमागे कोणीतरी शांतपणे विचार करावा.

१५ एप्रिल, मंगळवार
प्राजक्ताला नोकरी लागली. फोन तिने आईला केला. आई रडली, मग साखर वाटायला शेजारी गेली. मी फोन मागितला तोवर कट झाला होता. बहुधा रेंज नसेल. सांगवीत नेटवर्क वाईट आहे असं ऐकून आहे.

२० एप्रिल, रविवार
प्राजक्ता परत आली. माझ्याशी नीट बोलते. जेवायला वाढते, काय हवं ते विचारते. इतकं नीट ती लग्न ठरतानासुद्धा बोलत नव्हती. त्याची जरा भीती वाटते.

२९ एप्रिल, मंगळवार
कंपनीने स्वतःचा कॉम्प्युटर पाठवला. त्यासाठी मी रजा काढली होती. मशीन आईच्या खोलीत ठेवायचं असं प्राजक्ताने परस्पर ठरवलं, आणि त्या खोलीला नवीन कुलूप आणलं. एक किल्ली तिच्याकडे, दुसरी आईच्या कमरेला.

जोडणी करायला इंजिनिअर मुलगी आली होती, करिष्मा नावाची. तिने विचारलं, घरात आणखी कोणी कॉम्प्युटरमधलं आहे का. प्राजक्ता म्हणाली, नाही. मी पुढे होऊन मदरबोर्ड कोणता आहे, बायोस उघडा आहे का, एवढंच विचारलं. करिष्माने माझ्याकडे बघितलं आणि प्राजक्ताला विचारलं, मॅडम, हे कोण.

प्राजक्ता वायर सरळ करत होती. मान वर न करता म्हणाली, घरमालक.

खाली दोन भाडेकरू आहेत, त्यामुळे करिष्माला ते लगेच पटलं. काका, जरा उजेडातून बाजूला होता का, म्हणाली. मी झालो. प्राजक्ता हसेल म्हणून दारात थोडा थांबलो. ती हसली नाही.

घर बाबांच्या नावावर आहे. ते मी बोललो नाही.