टपाची ऑस्टिन

१ नोव्हेंबर १९५३, रविवार

टप बसला! तीन रविवार गेले, पण बसला. जुना टप उंदरांनी आणि उन्हानं संपवला होता. नवा शिडाच्या कापडाचा आहे — गोराईच्या एका म्हाताऱ्यानं शिवून दिला, तो जन्मभर होड्यांची शिडं शिवत आलाय. टाके असे की नखसुद्धा शिरत नाही. उघडला की खाऱ्या पाण्याचा वास येतो. उत्तरा म्हणाली, गाडीत बसलो की होडीत बसलो तेच कळेनासं होईल.

लवू आठलाच हजर. घाटकोपरहून सायकल मारत येतो. गिरणीत फिटर होता तेव्हापासून त्याचं आठ म्हणजे आठ. आता कुठल्याशा वर्कशॉपात असतो, पण रविवार माझ्या गाडीचा. टपाच्या कमानी आम्ही दोघांनी घासून, तेल देऊन बसवल्या. मग उघड, मीट, उघड, मीट — दहा वेळा तरी केलं असेल. काही कारण नव्हतं. बरं वाटत होतं, म्हणून.

गाडी वीस वर्षांची. अठ्ठेचाळीस साली विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियरकडून घेतली, तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. लोक विचारतात, इतकी वर्षं हिच्यात करता तरी काय? काय सांगणार. ड्रॉइंग ऑफिसात आठवडाभर शहराच्या गटारांच्या रेषा मारतो. रविवारी एक नट आवळतो, तो माझा असतो.

जाताना ग्रीसचा डबा माझ्या पायानं लवंडला. लवू हसत म्हणाला, "शामराव, डोळे खंय आसत तुमचे?" मीही हसलो. डबा डावीकडे होता. मला दिसलाच नव्हता.

८ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचा उरलेला फराळ डब्यात भरून गोराईच्या खाडीपर्यंत गेलो. टप पूर्ण खाली. उत्तरानं डोक्याला रुमाल बांधला होता, तो बोरिवलीच्या पुढे उडाला आणि ती मागे वळून बघत राहिली, थांबवा म्हणाली नाही. चढावर इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. खाडीच्या काठाला दोघांनी चकल्या खाल्ल्या. आमच्या घरात आम्ही दोघंच, बोलायचं ते रोज बोलून होतं. गाडीत मात्र उत्तरा निराळंच बोलते — लहानपणचं, माहेरच्या विहिरीचं, एका मेलेल्या मैत्रिणीचं.

असे दिवस फार नसतात, म्हणून लिहून ठेवतो.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात शाईची दौत सांडली. नकाशा वाया. साहेब माझ्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी रस्त्यातल्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. थकवा असेल.

१६ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

आरे कॉलनीत गेलो होतो. सकाळचे दहा. ऊन लख्ख. टप खाली. गोठ्यांच्या पुढे रस्ता झाडीत शिरतो, तिथे एकदम सावली येते. उन्हातून तिथे शिरलो की हल्ली मला क्षणभर सगळं काळं होतं. वेग फार नव्हता. मी उत्तराकडे वळून कसलंतरी बोलत होतो — कार्ब्युरेटरबद्दलच. ती माझ्या डावीकडे बसलेली. तिच्याही पलीकडे, रस्त्याच्या कडेला, गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक बाई उभी होती.

मला ती दिसली नाही. तोंड तिच्याच बाजूला होतं आणि दिसली नाही.

आवाज आला. भारा बॉनेटवर पडला. गवतच गवत. उतरून बघतो तर ती खाली बसलेली, उजवा हात मांडीवर धरून. मनगट भलतीकडे वळलेलं. ओरडली नाही. उत्तरा तिच्याजवळ कधी जाऊन बसली ते मला कळलंच नाही.

पाड्यावरची माणसं धावत आली. एकानं माझी गचांडी धरली. त्याला त्या बाईनंच थांबवलं. म्हणाली, त्यांचं काही नाही, मीच पुढं आले. तिचं नाव शेवंती. चाळिशीची असेल. मागच्या सीटवर बसवून अंधेरीला दवाखान्यात आणली. वाटेत एकदा आरशात बघितलं, तर ती हात विसरून वर बघत होती — डोक्यावर छप्पर नसलेल्या गाडीतून झाडं मागे जाताना.

हाड मोडलंय. प्लास्टर घातलं. परत पाड्यावर सोडलं. सगळ्यांना मी सांगितलं की बाई एकदम आडवी आली. तिनं स्वतःच तसं म्हटलं होतं. मी फक्त खोडून काढलं नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

लवूनं मडगार्डाचा पोचा ठोकून काढला. अर्ध्या तासात गेला. आता हात फिरवला तरी कळत नाही.

मी तिथून उठून मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

२८ नोव्हेंबर, शनिवार

गिरगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. घरी सांगितलं, ऑफिसात काम आहे. डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. काळ्या पडद्यापुढे बसवून पांढरा ठिपका कडेकडून आत आणत विचारत होते, दिसला? दिसला? मी नाही नाही म्हणत राहिलो. ठिपका जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा दिसला.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. नजर कडेनं विझत येते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणसाला उशिरा कळतं. गेलं ते परत येत नाही. आहे ते टिकवायला थेंब घालायचे, पुढेमागे कदाचित ऑपरेशन. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडीबिडी चालवत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

२९ नोव्हेंबर, रविवार

उत्तरानं विचारलं, आज कुठे जायचं? म्हटलं, क्लच धरत नाहीये. खोलावा लागेल.

क्लच उत्तम आहे. मी खोलला.

६ डिसेंबर, रविवार

क्लच बसवला. कार्ब्युरेटर काढून ठेवला.

१३ डिसेंबर, रविवार

आता हेच चाललंय. एक बसवायचं, दुसरं काढायचं. गाडी कधी पुरी होऊ द्यायची नाही. हात सगळं आपसूक करतात — डोळे मिटूनही करतील. आज मुद्दाम मिटून बघितलं. चारी प्लग काढले, साफ केले, बसवले. चूक झाली नाही. मग बसलो तसाच, डोळे मिटून, हातात पाना. असंच असेल पुढे, असं वाटलं आणि घाबरून उघडले.

थेंबांची बाटली हत्यारांच्या पेटीत ठेवली आहे. थेंब घातले की तासभर सगळं अंधुक दिसतं, कपाळ दुखतं. उत्तराला म्हणतो, पेट्रोलच्या वासानं डोकं चढलं.

दुपारी ती चहा घेऊन शेडमध्ये आली. टप मागे टाकला आणि चाकं हलत नसलेल्या गाडीत जाऊन बसली. मलाही बस म्हणाली. बसलो. तिनं मांडीवर मेथी घेतली, निवडत राहिली. समोर शेडची भिंत. थोड्या वेळानं म्हणाली, "इथंही वारा लागतो." बोललो असतो तर सगळंच बोललो असतो.

सांगायचं आहे. पण सांगितलं की शेवंतीचं सांगावं लागेल. बाई आडवी आली, हे मी उत्तराच्या देखत सांगितलं होतं.

२० डिसेंबर, रविवार

काही नाही.

२७ डिसेंबर, रविवार

लवूनं आज पाना खाली ठेवला. म्हणाला, "बऱ्या गाडीक कित्याक उघडून ठेवतास?" पाच रविवार तो बघतोय, इतका वेळ बोलला नव्हता. इंजिन तोंडपाठ असलेल्या माणसाला फसवता येत नाही.

सांगितलं. काचबिंदू, आरेचा रस्ता, मी डॉक्टरांशी खोटं बोललो ते, सगळं. तो ऐकत चिंध्यांनी हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पुसत राहिला. त्याला माझी दया येईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "तिका सांगलात?"

मला वाटलं, उत्तराबद्दल विचारतोय. तो शेवंतीबद्दल विचारत होता.

मग त्यानं कार्ब्युरेटर उचलला आणि न विचारता बसवला. सगळं जोडलं. हँडल मारलं. पहिल्या फटक्यात सुरू. काय आवाज होता — शिलाई मशीनसारखा, एकसुरी, शांत. पाच मिनिटं तो तसाच चालू ठेवून उभा राहिला, मग बंद केला आणि सायकल घेऊन गेला. चहासुद्धा घेतला नाही.

३ जानेवारी १९५४, रविवार

बसनं आरेला गेलो. एकटाच. उत्तराला सांगितलं, एका स्नेह्याकडे जातो. बसच्या पायरीवर हात धरून चढावं लागतं हल्ली.

पाड्यावर शेवंतीचं घर विचारत गेलो. कुडाचं घर, पुढे सारवलेलं अंगण. ती डाव्या हातानं कोंबड्यांना दाणे टाकत होती. ओळखलं तिनं. गाडी कुठं, विचारलं. म्हटलं, आता मी चालवत नाही.

प्लास्टर नव्हतं. भाताच्या कापणीला हात हवा म्हणून तिनं आठवडाभरातच स्वतः भिजवून फोडून टाकलं होतं. मनगट वाकडंच जुळलंय. मूठ मिटत नाही. कोयता धरता येत नाही, मुसळ उचलत नाही. हे सगळं तिनं मी विचारलं म्हणून सांगितलं, गाऱ्हाणं म्हणून नाही.

मी अंगणात उभ्यानंच बोललो. वाटेत शब्द जुळवून नेले होते, ते सगळे गेले. म्हटलं, "तुम्ही पुढे आला नव्हतात. तुम्ही कडेलाच होतात. माझे डोळे अधू आहेत. मला अंदाज होता, तरी मी गाडी चालवली. आणि लोकांसमोर खोटं बोललो."

तिनं मुठीतले उरलेले दाणे टाकले. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं मी कडंला होते. मी तुमच्याकडंच बघत होते. तुम्ही तोंड वळवलंत माझ्याकडं. म्हटलं, बघितलं यांनी. म्हणून हलले नाही."

मग पुढे आली म्हणून का सांगितलंत, मी विचारलं. म्हणाली, आमच्या माणसांनी तुम्हाला मारलं असतं. तुमची बाई रडत होती.

क्षमा मागितली. तिनं केली असं म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही. पाणी दिलं. प्यालो. निघताना कोपऱ्यात भाताची पाटी दिसली, निम्मी कांडून झालेली. हात असा असताना कांडतं कोण, विचारलं.

"तुमच्या बाई येतात की. दर बेस्तरवारी. पाणी भरतात, कांडून देतात. तुम्हीच धाडता ना?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच ठाऊक नाही.

सात आठवडे. गुरुवारी मी ऑफिसात असतो.

५ जानेवारी, मंगळवार

उत्तराच्या तळहातांना घट्टे आले आहेत. रोज माझ्या पानात वाढणारे हात. मी बघितले नाहीत. ते तर अगदी समोर होते.

तिला काय ठाऊक आहे, हे मला ठाऊक नाही. दयेनं जात असेल. तिचा स्वभावच तसा. मग मला का सांगितलं नाही?

७ जानेवारी, गुरुवार

रजा टाकली. उत्तरा पिशवी घेऊन निघाली तेव्हा मीही चपला घातल्या. "कुठे?" तिनं विचारलं. "तू जातेस तिथे," म्हटलं. ती उंबऱ्यातच थांबली. काचबिंदूचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, श्रावणापासून कळत होतं, डावीकडचं तुम्हाला दिसत नाही ते. मग खाली बघून म्हणाली, "त्या दिवशी शेवंती मला दिसली होती. लांबूनच. ओरडले असते, तर तुम्हाला कळलं असतं की मला कळलंय. तेवढा विचार करेपर्यंत झालं."