निळा उजेड आणि राहिलेली कोरी चाचणी

२ जानेवारी २००८
या वर्षी पीएच.डी. संपवायचीच. सातवं वर्ष आहे आणि विद्यापीठाने मार्चअखेरपर्यंत शेवटची मुदतवाढ दिली आहे. काम तसं सोपं. चिरोट्यासारखे पापुद्रे असलेली एक पांढरी पावडर बनवायची, त्या पापुद्र्यांत युरोपियम नावाचं दुर्मिळ मूलद्रव्य बसवायचं. मग अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ती लाल उजळते. माझी उजळत नाही. पापुद्र्यांत पाणी राहतं आणि ते उजेड खाऊन टाकतं. यात माझा काय दोष?
संकल्प: रोज सकाळी सातला तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये. सबबी बंद.

३ जानेवारी
साडेनऊला पोहोचलो. एसटी चुकली. फिल्टर पेपर दिवाळीपासून संपलेत. क्लार्क म्हणतो, ऑर्डर गेली आहे. कुठे गेली ते सांगत नाही.

६ जानेवारी
युक्ती सुचली. पावडर गाळायला वडिलांचं जुनं धोतर! आख्ख्या डिंगोरे गावात आमच्या तात्यांच्या धोतराइतकं पांढरं काही नाही. माझी बायको प्राची धुताना बन्सीलालशेठच्या दुकानातली कपडे शुभ्र करायची पावडर टाकते. नुसत्या साबणाचं धोतर तात्या नेसत नाहीत. तरी माझ्यासाठी दिलं. म्हणाले, "फाड रं गोरख. तू डाक्टर झालास की नवं घेऊ."
आत्मचरित्रात हा प्रसंग घ्यायचा.

९ जानेवारी, संध्याकाळ
उजळलं!! लॅबचा दिवा बिघडलाय म्हणून शेठकडचा नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा मागून आणला. त्याखाली पावडर निळी. लाल नाही, निळी, लख्ख! सगळी पुस्तकं लाल म्हणतात. पुस्तकं मी लिहिलेली नाहीत.
पुण्याला गाईड सरांना फोन केला. अभिनंदन राहिलं बाजूला, विचारतात, कोरी चाचणी केलीस का? म्हणजे सगळं तसंच करायचं, फक्त युरोपियम घालायचं नाही, आणि मग काही उजळत नाही ना ते बघायचं. मत्सर, दुसरं काय. उद्या करतो म्हणालो.

१० जानेवारी
लोडशेडिंग. चाचणी उद्या.

१२ जानेवारी
तात्यांना सांगितलं. थरबिर त्यांना कळले नाहीत, पण डोळे पुसले. दुपारपर्यंत गावभर झालं होतं की हौशीरामच्या पोराने निळा उजेड काढला.

१६ जानेवारी
संक्रांतीचे पाहुणे हलेनात. चाचणी ते गेल्यावर.

२१ जानेवारी
सरपंच कुशाबा घरी आले. "राव, गावाचं नाव काढलंत. सव्वीस तारखेला झेंड्यानंतर सत्कार. नाय म्हणायचं नाय." मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो असतो तर त्यांनी ऐकलं असतं.
आता चाचणी करणं म्हणजे गावावर अविश्वास दाखवण्यासारखं आहे.

२६ जानेवारी
लिहायची इच्छा नाही. लिहितो.
शाळेचा हॉल, खिडक्यांना पोती लावलेली. झेंडावंदन म्हणून सगळे धुतलेल्या टोप्या-सदऱ्यांत. शाल, नारळ झाला. भाषणात मी 'जगात प्रथमच' दोनदा म्हणालो. मग लाईट घालवून शेठचा दिवा लावला. बशीतली पावडर निळी उजळली. टाळ्या. मान वर केली, तर पहिल्या रांगेतल्या टोप्या उजळलेल्या. तोच निळा. कुशाबांचा सदरा, शेठचा रुमाल. आणि मधोमध तात्या, कमरेपासून खाली सगळ्यांत जास्त.
झाली कोरी चाचणी. त्यातल्या एकाच्याही टोपीत युरोपियम नव्हतं. बन्सीलालशेठची पावडर होती, आणि तीच तात्यांच्या धोतरातून माझ्या पापुद्र्यांत जाऊन बसली होती.
लोकांना वाटलं, हाही शोधातलाच भाग. कुशाबा ओरडले, "आरं, गोरखरावांनी समद्या गावाला उजळिवलं!" तात्या उभे राहून धोतराचा सोगा मागच्यांना दाखवत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नमस्कार केला आणि शाल सावरली. लाज वाटते. लिहितानाही कान तापलेत.

२७ जानेवारी
सकाळी गोठ्यापाशी तात्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, गावाला यातलं काही कळणार नाही, काळजी करू नका.
ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला तर कळलं ना." आत जाऊन प्राचीला सांगितलं, "सूनबाई, आजपासनं माझ्या धोतराला ती पावडर नगं."

२९ जानेवारी
तात्या आज नुसत्या साबणाचं, पिवळट धोतर नेसून पारावर गेले. मी एसटीसाठी मागून निघालो होतो. कुशाबा विचारत होते, "हौशीराम, आज धोतर मळकं कसं?"
तात्या म्हणाले, "मळकं न्हाई. धुतल्यालं हाय. आसंच असतंय ते."
मी मान खाली घालून पुढे गेलो. सातला लॅबमध्ये होतो. उरलेलं धोतर घेऊन कोरी चाचणी केली. युरोपियम घातलं नाही.
निळी उजळली.