टेकाडावरच्या गवताचा बंदोबस्त

१९ मे
...आणि वर बहीण कोरिन म्हणते, तुला शेतीतलं कळत नाही. मला! बाबांनी टेकाडाचा बारा एकर उतार सरकारच्या नादी लागून गवताला देऊन टाकला, हे कळायला कॉलेज लागत नाही. मला दहावी न होताच कळलं. दहा वर्षांचा करार. पेरायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, नुसती रानफुलं वाढू द्यायची आणि ऑक्टोबरात चेक घ्यायचा. ती म्हणते, उतारावरची माती ओढ्यात जात होती, ती थांबली, त्याचेच पैसे देतात. मी म्हटलं, आयोवात मातीला काय तोटा. तिने फोन ठेवला. मुद्दे संपले की लोक फोन ठेवतात.

२४ मे
दिवसभर तेलविहिरीवर ड्रिलिंगचे पाइप धुतले. नॉर्थ डकोटात वारा थांबत नाही. निश्चय : दर महिन्याला घरी पाचशे डॉलर. या महिन्यात नाही, ट्रकला टायर घेतले. ट्रकच नसेल तर माणूस घरी जाणार कसा.

२ जून
डेल क्रूगरचा फोन. आमच्या कुंपणाला लागून त्याचा मका. विचारतो, तुझ्या बापाने टेकाडावर जंगल पाळलंय काय? चर्चबाहेर लोक हसतात म्हणे. आमच्याकडे माणसाची किंमत त्याच्या शेताकडे बघून करतात. बाबांच्या मक्याच्या ओळी दोरी धरून आखल्यासारख्या असायच्या. आता कमरेएवढं तण. जेवण गेलं नाही.
नंतर गेलं.

६ जून
कोरिनला शांतपणे सांगितलं, घराण्याची अब्रू चालली. ती म्हणाली, अब्रू राहू दे, बाबांचा खुबा गेलाय त्याचं बोल. नोव्हेंबरात ऑपरेशन. विमा जेवढं देणार नाही तेवढं या ऑक्टोबरच्या चेकमधून भरायचं ठरलंय. तोवर बाबा ओसरीवर खुर्ची टाकून दुर्बिणीने गवतातले लावे बघत बसतात. सकाळी कॉफी, मग लावे. ज्या माणसाने चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, तो पाखरं बघतोय. मन मोडलेल्या माणसाची लक्षणं. मीच काहीतरी केलं पाहिजे.

१३ जून
सुचलं. अठराला फादर्स डे. त्याच्या आदल्या दिवशी कोरिन बाबांना घेऊन मावशीकडे मुक्कामाला जाणार आहे. तेवढ्यात डेलने गवत कापायचं मोठं मोअर लावून टेकाड साफ करायचं. दोनशे डॉलर, मी देणार. परत येतील तर हिरवा गालिचा. कोरिनला सांगायचं नाही, ती चांगल्या गोष्टीत खोडा घालते. डेलने एकदा विचारलं, त्यात सरकारचं काही नाही ना? मी म्हटलं, जमीन आमची, गवत आमचं. निर्णय घेणारा माणूस लागतो घरात.

१७ जून
झालं. डेलने फोटो पाठवला. देखणं काम. म्हणाला, पाखरं भराभरा उडाली, काही मात्र जागची उठलीच नाहीत. मी म्हटलं, आळशी असतील. पैसे नंतर बघू म्हणाला. भला माणूस.

१८ जून, फादर्स डे
फोन चार्ज करून ठेवला. आला नाही. बाबांना भरून आलं असणार.

१९ जून
कोरिनचा फोन. ओरडली नाही, हे मला आवडलं नाही. एक ऑगस्टपर्यंत गवताला पातं लावायचं नाही, असं करारातच आहे. पाखरं अंड्यांवर असतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, सांगितलं होतं, तू टायरचं बोलत होतास.
मी विचारलं, बाबा काय म्हणाले.
"खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलेत."

२१ जून
स्वतः करार बघणाऱ्या काउंटी ऑफिसात फोन केला. मिसेस हॅच म्हणून बाई. म्हटलं, शेताचं धोरण मीच बघतो. त्यांनी विचारलं, करार कोणाच्या नावावर आहे? बाबांच्या. मग त्या हळूच म्हणाल्या, मालक घरी नसताना, त्यांना न विचारता झालं, असं तू सांगितलंस तर करार कदाचित वाचेल. या वर्षाचा चेक मात्र गेला. दोन हजार चारशे साठ डॉलर.
मी म्हटलं, लिहा तसं. "पोरा, तुझं नाव घालावं लागेल." घाला म्हटलं.
म्हणजे करार मी वाचवला. फोन केला म्हणून वाचला.

२४ जून
योजना : सगळे पैसे मीच भरणार. जुलैभर ओव्हरटाइम केला की ऑगस्टात हिशेब पुरा. कोरिनला कळवलं. ती नुसतं "हं" म्हणाली.

८ जुलै
ओव्हरटाइम बंद. तेलाचा भाव पडला, त्याला मी काय करणार.

२३ जुलै
बाबांचा फोन. ते कधी करत नाहीत. तिकडे वारा आहे का, विचारलं. आहे म्हटलं. इकडे पाऊस बरा आहे म्हणाले. मग म्हणाले, "ऑपरेशन वसंतात करू. हिवाळ्यात तसंही मला कुठे जायचंय?"
मी म्हटलं, योग्य निर्णय आहे.
फोन झाल्यावर ट्रकमध्ये बसून राहिलो. एसी तपासायचा होता.

४ ऑगस्ट
ट्रक विकायला नेला. डीलर म्हणाला, ट्रकच्या किमतीपेक्षा तुझं कर्ज जास्त आहे. वर दुसरा ट्रक दाखवायला लागला. बघितला. नुसताच बघितला.

१८ ऑगस्ट
पगार झाला. ट्रकचा हप्ता गेला, खोलीचं भाडं गेलं. डेल दोनशे घ्यायला तयार नाही. त्या दिवशी गवत कापून झाल्यावर टेकाडावर पुन्हा चालत गेलो होतो, म्हणाला. घरटी बघितली, एवढंच सांगितलं.
कोरिनला म्हटलं, हा पहिला हप्ता समज, आणि किती पाठवले ते बाबांना सांगू नकोस. ती म्हणाली, ते विचारतच नाहीत. एवढंच म्हणाले, त्याला म्हणावं चांगले बूट घे, तिकडे थंडी लवकर पडते.
बूट घेतलेले नाहीत. पाठवतोय ते : तीनशे दहा डॉलर.